भामरे नानांचा कान

दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत, राहायला आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. उघडलं तर खाकी पॅन्ट आणि पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ उभे. वय पन्नाशीच्या जरा अलीकडे, अंगाने सडपातळ, मान किंचित एका बाजूला कललेली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, माझंही विचारलं नाही. म्हणाले, "बाई, कुकर बंद करा. त्याची शिटी होणार नाही."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भिंतीपलीकडे राहतो मी," एवढं बोलून ते निघून गेले.

कुकर निवल्यावर पाहिलं, तर शिटीच्या नळीत डाळीचं टरफल घट्ट बसलं होतं. दुपारी त्यांच्या पत्नी जिजाक्का वाटीभर शेवभाजी घेऊन आल्या. म्हणाल्या, "मनवर लेवू नका, बाई. त्यासले चुकीना आवाज सहन व्हत नही." त्यांनी हे अशा सुरात सांगितलं, की एखाद्याला दमा आहे किंवा दूध पचत नाही म्हणून सांगावं.

प्रल्हाद भामरे, म्हणजे सगळ्या कॉलनीचे नाना, वीजकेंद्रात फिटर होते. मी तिथल्या शाळेत मराठी शिकवायला आले होते, त्यामुळे यंत्रांतलं मला काही कळत नसे. पण नानांचं काम काय ते एकदा शाळेची सहल आत नेली तेव्हा पाहिलं. त्या प्रचंड आवाजात, जिथे शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे नाना हातभर लांबीची एक सळई घेऊन फिरत. सळईचं एक टोक पंपाच्या अंगाला लावायचं, दुसऱ्या टोकावर अंगठा ठेवून तो कानाशी टेकवायचा, आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग झिजलं आहे की नाही, किती दिवस चालेल, हे ते त्यावरून सांगत. साहेब लोकांकडे मोजायची उपकरणं होती. तरी ती पाहून झाल्यावर साहेब विचारत, "नानांनी ऐकलं का?"

एकदा एका पंपाबद्दल त्यांचा अंदाज साफ चुकला. महिनाभर चालेल म्हणाले तो दुसऱ्याच दिवशी बसला. ही गोष्ट मला दुसऱ्या कुणी सांगितली नाही, नानांनीच सांगितली, आणि एकदा नाही, चार-पाच वेळा. समोर नवा माणूस आला की ते ती मुद्दाम सांगत. "मन्हा कानबी चुकस," म्हणत, आणि हसत. हे मी आत्ता लिहून ठेवते आहे त्याला कारण आहे.

बाजारातही त्यांचा कान चालू असे. मडकं घ्यायचं तर दहा मडकी वाजवून अकरावं घेत. आमच्या आळीतल्या बायका टरबूज घ्यायला निघाल्या की नानांना बरोबर चला म्हणत. शिलाई मशीन, टेबलफॅन, सायकल, कुठलीही वस्तू बिघडली की आधी नानांकडे जायची. ते "थांबा, आयकू द्या," म्हणत, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. बोलणं बेताचं. घरात अहिराणी, आमच्याशी बोलताना शाळेतली मराठी, पण मनापासून काही सांगायचं झालं की ती मराठी सुटे आणि साक्रीकडची बोली वर येई.

त्यांना शौक एकच होता, यात्रेतल्या पाळण्यात बसायचा.

आमच्या कॉलनीत चैत्र जवळ आला की पाळण्यांचे दोन पक्ष पडत. एक नानांचा, लाकडी रहाटपाळण्यांचा. दुसरा सलीमभाईंचा, विजेवर चालणाऱ्या नव्या पाळण्यांचा. सलीमभाई वायरमन होते, मूळचे भुसावळचे, आमच्या मागच्या रांगेत राहत. उंच, बोलके, हौशी. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर कुठल्याशा मासिकातून कापलेला एक मोठा रंगीत फोटो होता. परदेशातली पाळण्यांची बाग. रुळांवरून जाणारी एक गाडी, आणि ती गाडी मध्येच संपूर्ण उलटी झालेली, माणसं डोकं खाली करून बसलेली. घरी येणाऱ्याला चहाच्या आधी तो फोटो पाहावा लागे. "माणूस उलटा होतो, पण पडत नाही," ते सांगत. "का पडत नाही? कारण कागदावर सगळं आधी ठरलेलं आहे. आपल्याकडे पण येणार हे. मुंबईजवळ असली बाग होते आहे म्हणे. मी पहिल्या दिवशी जाणार."

संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर दोन्ही पक्ष जमत. पुरुष असत, आम्ही बायकाही असायचो, सलीमभाईंची शबाना कॉलेजातून आली की तीही थांबे. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती. पुढे उर्दू शाळेत शिक्षिका व्हायचं म्हणून माझ्याकडे मराठी व्याकरण शिकायला येत असे. गंमत अशी की बापाची मुलगी असून ती नानांच्या पक्षात होती. म्हणायची, "अब्बूंच्या पाळण्यात नुसतं बसायचं असतं. नानांच्या पाळण्यात जीव मुठीत धरायचा असतो."

वाद ठरलेलाच असे, तरी दर वर्षी नव्याने रंगे.

सलीमभाई म्हणत, "नाना, लाकूड म्हातारं होतं. उन्हात तडकतं, पावसात फुगतं. लोखंडाचं तसं नाही."

नाना म्हणत, "लोखंड न सांगता मोडतं, सलीम. लाकूड आधी बोलतं. ज्याला कान आहे त्याला ते चार दिवस आधी कळतं."

"आणि ज्याला कान नाही त्याने काय करायचं?"

"त्याने मला विचारायचं."

यावर सगळे हसत. पण ते खरंच होतं. तापीकाठच्या एका खेड्यात, नाव लिहीत नाही, चैत्रात मोठी यात्रा भरे. तिथे धोंडूआबा नावाच्या म्हाताऱ्याचा रहाटपाळणा लागे. दोन उंच खांब, मध्ये कणा, कण्याला सागाचे चार लांब हात आणि चार टोकांना चार पाळणे. वीज नाही, यंत्र नाही. चार दणकट माणसं पाळणे हाताने ओढून फिरवायची, वेग आला की पाळणा वर जाताना पोटात खड्डा पडे. नाना दर वर्षी पहिल्या दिवशी जात. धोंडूआबा त्यांच्यासाठी पाळणा रिकामा फिरवत. नाना एकटे बसत, डोळे मिटून, एक हात वरच्या लाकडाला लावून. पाच-सहा फेऱ्या झाल्या की उतरत आणि म्हणत, "ठणठणीत." मग कॉलनीतली मंडळी आपापल्या पोराबाळांना घेऊन बसत. नानांनी म्हटल्याशिवाय कुणी बसत नसे. धोंडूआबासुद्धा दोर बांधून झाले की नाना येईपर्यंत बिडी ओढत थांबलेले असत.

एका वर्षी जळगावला मोठं प्रदर्शन भरलं आणि तिथे विजेचा मोठा आकाशपाळणा आला. सलीमभाईंनी नानांना अक्षरशः ओढून नेलं. आम्ही दहा-बारा जण बरोबर होतो. दुपारची वेळ. दोघे एका डब्यात बसले, पाळणा फिरला, आणि ते दोघे नेमके अगदी वर असताना लाइट गेली. जनरेटर होता, तो सुरू होईना. पाऊण तास ते वर. खाली कुणीतरी ओरडून सांगत होतं की हे दीपनगरचे लोक आहेत, वीज यांच्याकडूनच येते, आणि सगळं प्रदर्शन वर बघून हसत होतं. नाना वरून शांतपणे लांबच्या केळीच्या बागा बघत बसले. सलीमभाईंनी मान खाली घातली होती.

खाली उतरल्यावर नाना म्हणाले, "धोंडूआबाच्या पाळण्याला माणसं लागतात. माणसं जात नाहीत."

हे वाक्य इतकं गाजलं, की नानांना ते पुन्हा पुन्हा सांगायचा मोह आवरेना. कट्ट्यावर, लग्नात, कँटीनमध्ये, भरीत पार्टीत. सलीमभाई दर वेळी हसत. वर्षाच्या शेवटी शेवटी जरा कमी हसत. मी हे पाहिलं होतं. जिजाक्कांनीही पाहिलं असावं, कारण एकदा त्या नानांना म्हणाल्या, "पुरे करा आते." नाना ऐकते तर बरं झालं असतं. पण आयुष्यभर यंत्रांचं ऐकलेल्या त्या माणसाला स्वतःच्या जिंकण्याची चव पहिल्यांदाच लागली होती.

पुढच्या चैत्रात आम्ही नेहमीप्रमाणे त्या यात्रेला गेलो. ऊन कडक होतं. त्या वर्षी यात्रेत दुसऱ्या टोकाला एक नवा विजेचा पाळणाही आला होता, रंगीत पत्रे लावलेला, वर कर्णा. सलीमभाई आधी तिकडे जाऊन आले आणि मग धोंडूआबांच्या पाळण्यापाशी आमच्यात येऊन उभे राहिले. चेष्टेच्या रंगात होते. "चला, म्हाताऱ्याची तब्येत बघू," म्हणाले.

नाना बसले. पाळणा फिरायला लागला. मी अगदी जवळ होते. तिसऱ्या फेरीला नानांनी डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. एरवी ते सहाव्या फेरीनंतर हात करत. त्या दिवशी दहा फेऱ्या झाल्या तरी हात केला नाही. शेवटी धोंडूआबांनीच पाळणा थांबवला. नाना उतरले, धोंडूआबांच्या कानाशी लागून काहीतरी बोलले. धोंडूआबांनी मान डोलावली.

सलीमभाईंनी विचारलं, "काय म्हणतो पाळणा?"

नाना टोपी नीट करत होते.

"नाना, विचारतोय मी. ठीक आहे ना? शबाना बसणार म्हणते आहे."

"ठणठणीत," नाना म्हणाले.

"बघा हां," सलीमभाई हसत म्हणाले, आणि मुलीकडे वळले. "जा. नाना म्हणतात तर जा."

शबाना तिच्या मैत्रिणीबरोबर बसली. इतर पाळणेही भरले. मला आठवतं ते एवढंच, की नाना गर्दीतून बाहेर गेले नाहीत. ते जागेवरच उभे होते आणि प्रत्येक फेरीला त्यांची मान थोडी थोडी पुढे जात होती. मग एकदम पुढे धावले आणि पाळणा ओढणाऱ्यांना थांबा, थांबा म्हणाले. त्याच फेरीला एक हात कण्यापाशी मोडला.

पाळणा खाली येत होता म्हणून मुली वाचल्या. मैत्रिणीला खरचटलं. शबानाच्या उजव्या पायावर सागाचा तो हात पडला.

तिला जळगावला नेलं. दोन ऑपरेशनं झाली. पाय राहिला, पण गुडघा कायमचा अधू झाला. नाना सुटी टाकून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून असत. आत येत नसत. सलीमभाई स्वतः बाहेर जाऊन त्यांना चहा नेऊन देत. मी एकदा भेटायला गेले होते तेव्हा ते नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, "नाना, तुम्ही असं बसू नका. तुमचा काय दोष? लाकूड ते लाकूड. मी तर तुम्हाला म्हणत होतोच." नानांनी तो कप हातात धरून ठेवला होता. चहा गार होऊन वर साय आली तरी तसाच.

धोंडूआबांना पोलिसांनी दोन दिवस बसवून ठेवलं. त्यांनी कुणाचंच नाव घेतलं नाही. सुटल्यावर त्यांनी पाळणा मोडून लाकडं गावाच्या वखारीला देऊन टाकली, आणि त्या यात्रेत पुन्हा रहाटपाळणा लागला नाही.

शबाना घरी आली तेव्हा पावसाळा सरत आला होता. काखेत कुबडी होती. मी रोज दुपारी तिच्याकडे जायला लागले, व्याकरण पुढे नेऊ म्हणून. खरं तर ती एकटी पडू नये म्हणून. तिचं लग्न धुळ्याच्या एका मुलाशी ठरलेलं होतं. दिवाळीनंतर त्या घरून निरोप आला की हे नातं पुढे नेता येणार नाही. निरोप आणणारा माणूस चांगला होता, त्याला सांगताना घाम फुटला होता, असं शबानाच्या आईने मला सांगितलं.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी आणि शबाना बैठकीच्या खोलीत वही उघडून बसलो होतो. सलीमभाई पहिली पाळी करून नुकतेच आले होते. दारात नाना उभे राहिले. घरी धुतलेला पांढरा सदरा, टोपी हातात. मी त्यांना टोपीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. केस पार पिकले होते.

"या नाना, बसा," सलीमभाई म्हणाले.

नाना बसले नाहीत. "सलीम, त्या दिवशी माले आयकू उनं व्हतं," ते म्हणाले. मग जणू आम्हाला कळलं नसेल म्हणून पुन्हा मराठीत म्हणाले, "मला ऐकू आलं होतं. तिसऱ्याच फेरीला. एका हातात चीर होती. मी धोंडूआबाला सांगितलं, उद्या सकाळी हा हात बदल. मला वाटलं, एक दिवस निघेल."

आतल्या खोलीत शबानाची आई काहीतरी निवडत होती, तो आवाज थांबला.

सलीमभाई म्हणाले, "मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"एकदा नाही, दोनदा विचारलं."

"हो."

"मग?"

"तू समोर उभा होतास," नाना म्हणाले. "सगळे उभे होते. मला म्हणवलं नाही."

सलीमभाईंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ते जमिनीकडे बघत राहिले. ते काय बोलतील याची मला भीती वाटत होती. पण बोलली ती शबाना.

"नाना, आवाज कसा होता?"

नानांनी तिच्याकडे पाहिलं. मग पुढे येऊन त्यांनी माझ्यापुढच्या लाकडी टेबलावर बोटाच्या नखाने एकदा वाजवलं. टक्. थोडं थांबले, पाळण्याची एक फेरी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढं. पुन्हा टक्.

शबाना म्हणाली, "हा मलापण ऐकू आला होता. मला वाटलं, पाळणा असाच वाजतो."

नानांनी टेबलाचा काठ धरला. सलीमभाई उठले, आत गेले, आणि थोड्या वेळाने स्वतः चहाचे कप घेऊन बाहेर आले. एक नानांपुढे ठेवला. "घ्या," एवढंच म्हणाले. नानांनी उभ्याउभ्याच तो चहा घेतला, गरम होता तरी, आणि कप खाली ठेवून निघून गेले. त्या दोघांनी एकत्र घेतलेला तो शेवटचा चहा.

भांडण झालं नाही. सलीमभाईंनी नानांबद्दल कॉलनीत एक शब्दही वावगा काढला नाही. नुसती आपली पाळी बदलून घेतली, म्हणजे समोरासमोर यायला नको. भिंतीवरचा तो फोटोही त्यांनी काढला. मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. चौकोनी, पांढरट जागा तेवढी राहिली. टाकीजवळचा कट्टा काही दिवस चालला, मग बंद पडला. नवी माणसं आली, त्यांना क्रिकेट पुरत होतं.

त्या चहाच्या दुसऱ्या दिवशी नाना पोलीस ठाण्यात गेले आणि माझा जबाब लिहून घ्या म्हणाले. तिथल्या हवालदाराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आवाज आला होता याला पुरावा काय?" नाना परत आले. मग त्यांनी साहेबांकडे अर्ज केला की मला पंपांवरून काढून स्टोअरमध्ये टाका. साहेबांनी पुष्कळ समजावलं. नाना म्हणाले, "माझा कान ठीक आहे, साहेब. माझ्यावर भरवसा नाही."

स्टोअरमध्ये ते नट-बोल्ट मोजून देत. कुणी बिघडलेला पंखा घेऊन घरी आलं, तर नाना दारातूनच हात हलवत. आमच्या सामायिक भिंतीपलीकडून पूर्वी कधीमधी येणारी त्यांची हाक आता येत नसे. मी एकदा मुद्दाम मिक्सर बिघडलेला तसाच चालवला. भयंकर खडखड होत होती. वाटलं, आता थाप पडेल. पडली नाही. जिजाक्का नंतर म्हणाल्या, "आयकत व्हतात. हात कानवर ठेवी बसनात."

एकदाच ते माझ्याशी त्याविषयी बोलले. निवृत्त होऊन गावी जायच्या आदल्या दिवशी, सामान ट्रकमध्ये भरून झालं होतं. रिकाम्या ओट्यावर बसले होते. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले, "बाई, पंप चुकला तेव्हा मी सगळ्यांना सांगत फिरलो. आठवतं? पंपापुढे हरायला मला काही वाटत नसे. सलीमपुढे त्या दिवशी हरवेना." मग म्हणाले, "आणि तो काही मला हरवायला उभा नव्हता. तो पोरीसाठी विचारत होता. ते मला ऐकू आलं नाही."

मला काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी शिक्षिका, शब्दांवर पोट भरणारी. पण मी त्यांच्या शेजारी बसून राहिले, आणि ट्रकवाल्याने हाक मारल्यावर ते उठले.

त्यानंतर सात-आठ वर्षं गेली. मी बदली होऊन धुळ्याला आले होते. नव्वदच्या पुढचं दशक अर्धं सरलं असेल. परीक्षेच्या कामासाठी पिंपळनेरला निघाले होते आणि एसटी साक्रीच्या स्टँडवर थांबली होती. बाजाराचा दिवस होता. मी खिडकीतून कंडक्टरला गाडी किती वेळ थांबणार ते विचारलं, तर खालून कुणीतरी म्हणालं, "मास्तरीणबाई का?"

नाना होते. पाठमोरे उभे असावेत आणि आवाजावरून वळले असावेत. खूप वाळले होते. हातात पिशवी, तीत मेथीची जुडी. मी खाली उतरले. जिजाक्का दोन वर्षांपूर्वी गेल्याचं त्यांनी सांगितलं. ते पुतण्याकडे राहत होते. माझ्या मुलांची चौकशी केली, शाळेची केली. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "सलीमची काही खबर?"

सलीमभाई निवृत्त होऊन जळगावला राहायला गेले होते. मी मागच्याच महिन्यात तिकडे जाऊन आले होते. सांगितलं, की शबाना उर्दू शाळेत शिकवते. पुढे तिचं लग्न झालं, नवरा कापडाच्या दुकानात आहे, शांत स्वभावाचा आहे. मुलगी झाली, दीड वर्षाची.

"कुबडी?"

"सुटली. लंगडते, पण एकटी सगळीकडे जाते."

नाना म्हणाले, "पोरीला घेऊन चालता येतं का तिला?"

"येतं. मी पाहिलंय. डाव्या कडेवर घेते. उजवा पाय टाकताना क्षणभर थांबते, हिसका बसतो, मग डावा टाकते. तशीच शाळेपासून घरापर्यंत येते."

"हिसक्याने पोर उठत नाही?"

"नाही. पोर खांद्यावर झोपलेली असते. तिला त्या चालीचीच सवय आहे."

"परत सांगा," नाना म्हणाले.

मी परत सांगितलं. डावी कड, उजवा पाय, थांबणं, हिसका, झोपलेली पोर. या वेळी त्यांनी डोळे मिटले होते. कंडक्टरने घंटी मारली. मी नमस्कार केला आणि वर चढले.

गाडी वळण घेत असताना मी मागच्या काचेतून पाहिलं. स्टँडवर बैलगाड्या, टोपल्या, माणसं. त्या गर्दीत नाना उभे होते. त्यांनी मेथीची पिशवी खाली ठेवली होती. डावा हात कमरेपाशी वाकवून धरला होता, आणि अगदी सावकाश ते चार पावलं चालून पाहत होते.